‘मी जातो’ म्हणणारी मुलगी

पत्र: ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पुण्याकडं बी.ए.एस.एल.पी., म्हणजे वाचा-श्रवणाची पदवी; इंटर्नशिप दोन महिन्यांत संपेल. कॉलेजात माझ्या मराठीला हसतात. कन्नड शाळेत दुसरी भाषा होती, पेपर पास झाले, पण कन्नड पेशंट समोर बसला की तोंडाला कुलूप. एम.एस्सी. करावंसं वाटतं, पण म्हैसूर की मुंबई? स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (बोलण्याचं, भाषेचं) घेऊ की ऑडिओलॉजी (कानाचं)? बाबा म्हणतात, डिग्री मिळाली ना, खानापुरात क्लिनिक काढ, अजून दोन वर्षं कशाला. मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो इकडंच ये. आणि मला वाटतं, जिला स्वतःला एकही भाषा धड येत नाही तिनं लोकांना बोलायला काय शिकवायचं? — खानापूर तालुक्यातली एक

उत्तर:

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. म्हैसूर, मुंबई, न्यू जर्सी सगळं त्याच्याच पोटात आहे.

पत्रात तू ‘पास झाले’ असं लिहिलंस. आईला फोनवर सांगताना मात्र ‘पास झालो गं’ म्हणाली असशील. मीही तेच म्हणते. माझं माहेर बेळगावातल्या शहापूरचं. आजी, आई, आत्या, कुणाच्या तोंडी ‘मी जाते’ कधी ऐकलं नाही. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, आणि पुण्यात गेल्यावर पहिल्या आठवड्यात जीभ सावरून ‘येते, जाते’वर येतात. तू आलीस तशीच मीही आले होते. तेव्हा माझ्याही वर्गात हसले होते. हसू देत.

आता एक गंमत सांगते. काही वर्षांपूर्वी बेळगावच्या माझ्या क्लिनिकमध्ये खानापूरची एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. हातात महाराष्ट्रातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट. मुलीचा ‘स’ बिघडलेला होता, जीभ दातांच्या मधून बाहेर डोकवायची. ते खरं होतं आणि त्यासाठीच ते तिकडं गेले होते. पण रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती: क्रियापदाचं लिंग चुकतं, भाषाविकासात विलंब, आठवड्याला दोन सेशन. मी आईला विचारलं, ‘तुम्ही कशानं आलात?’ ती म्हणाली, ‘मी बसनं आलो की.’

झाला विलंबाचा निकाल! तो रिपोर्ट लिहिणारी मुलगी अडाणी नव्हती. अभ्यासक्रमात शिकवलेलं प्रमाण मराठी तिनं मनापासून तपासलं. तिला ठाऊक नव्हतं एवढंच, की आपल्याकडं ती चूक नव्हे, रीत आहे. तू मात्र ते पाच मिनिटांत ओळखलं असतंस. ज्या मराठीची तुला लाज वाटते तिनंच त्या मुलीचे वर्षभराचे फालतू सेशन वाचले असते.

कन्नडच्या बाजूनंही तसंच आहे. घरी कन्नड बोलणारं पोर मराठी शाळेत येतं आणि ‘भाजी’ला ‘बाजी’ म्हणतं. बोलीतल्या कन्नडात महाप्राण, म्हणजे ख, घ, भ असे ह मिसळलेले आवाज, फारसे उरलेलेच नाहीत, मग ते पोर ‘भ’ आणणार कुठून? ‘बस’ला ‘बस्सु’, ‘बुक’ला ‘बुक्कु’ म्हणतं, कारण कन्नड शब्दाला शेवटी स्वर लागतो. आपल्या मराठीत ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, कन्नडात हा दुसरा नाहीच, म्हणून ते ‘चाक’ही ‘चार’च्या च-नं म्हणतं. यातलं काहीच आजार नाही. पण याच वर्गात शेजारच्या बाकावर दुसरं एक पोर असतं, त्याचा ‘क’ दोन्ही भाषांत ‘त’ होतो. ‘काका’ला ‘ताता’, ‘कण्णु’ला ‘तण्णु’. ते मात्र आपलं गिऱ्हाईक. वेगळेपण कुठलं आणि बिघाड कुठला, हे निवडून काढणं म्हणजेच आपला धंदा, बाकी सगळं त्यानंतर. बिघाड असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. एकीत आहे, दुसरीत नाही असं सहसा होत नाही. म्हणून दोन्हींत तपासावं लागतं. आणि दोन्हींत तपासायला दोन्ही भाषा कानांवरून गेलेला माणूस लागतो.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, मार खाऊन शिकले आहे. तुझे बाबा म्हणतात तेच मी केलं होतं. बी.एस्सी. झाली, नोंदणीचा नंबर मिळाला, आणि लगेच क्लिनिकचा बोर्ड लावला. दुसऱ्याच महिन्यात एक साडेतीन वर्षांचा मुलगा आला. घरात कन्नड-मराठी दोन्ही, नर्सरीत इंग्लिश, आणि तोंडात सगळे मिळून दहा-बारा शब्द. मी डॉक्टरीण बाई झाले होते ना! म्हटलं, तीन भाषांनी गोंधळलाय, घरात एकच भाषा ठेवा, सहा महिन्यांनी दाखवा. आई मराठी, आजी कन्नड. आईची भाषा ठेवायची ठरली. आजीला मराठी येत नव्हतं, म्हणून तिनं नातवाशी बोलणंच सोडलं. हात फिरवायची, खाऊ द्यायची, पण बोलायची नाही. सहा महिन्यांनी ते दुसरीकडं गेले, तिथं कोणीतरी आधी बेरा, म्हणजे कानाची चाचणी, करून घेतली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. भाषा तीन असोत की एक, ऐकूच येत नसेल तर काय बोलणार ते?

अनेक भाषांनी मूल मुकं होत नाही, तोतरंही होत नाही. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर बसलेल्या आईच्या चेहऱ्याकडं बघून काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि मागं विचारायला कोणी वरिष्ठ नसतं, तेव्हा तोंडातून गावातलंच बोलणं बाहेर पडतं. मी तेव्हा वेखंड उगाळून जिभेला लावा एवढंच सांगायचं बाकी ठेवलं होतं. ते सहा महिने माझ्या नावावर आहेत.

म्हणून बाबांना सांग: कायद्यानं तुम्ही बरोबर आहात. भारतात पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत नाव आलं की बी.ए.एस.एल.पी.वाला स्वतंत्र काम करू शकतो, मास्टर्सची सक्ती नाही. उलट नोंद नसताना बोर्ड लावणं हा १९९२च्या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (हजार रुपये! सहा महिन्यांचा कसलासा कोर्स करून स्पीच थेरपीची पाटी लावणारे तेवढे एका दिवसात कमावतात.) तुझं नाव त्या नोंदवहीत इंटर्नशिप संपली की लगेच घाल, एम.एस्सी.ला जायचं असलं तरी. पण तेवीसाव्या वर्षी एकटीनं खानापुरात बसू नकोस. दोन वर्षं अशा जागी काढ जिथं तुझी चूक त्याच दिवशी कोणीतरी धरेल.

आता म्हैसूर की मुंबई. मुंबईला बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ची. नायर हॉस्पिटलचा विभागही जुना आणि नावाजलेला, पुण्यात भारती विद्यापीठ आहे. यातल्या कुठंही गेलीस तरी वाईट होणार नाही. पण माझं मत म्हैसूर. अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, या विषयातली देशातली सगळ्यात मोठी जागा, आणि केंद्राची. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, देशभरातून मुलं येतात. एम.एस्सी.ला विद्यावेतन मिळतं, ते बाबांना नक्की सांग. आणि क्लिनिकमध्ये कन्नड पेशंटांची रांग.

तू त्याच रांगेला भितेस, हे कळलं. पण तिथं अर्धी मुलं केरळातून, कुठून कुठून येतात. त्यांना कन्नडचं अक्षर ओळखता येत नसतं. तू दहावीपर्यंत कन्नडचा पेपर लिहिलेला आहेस, आजूबाजूला ऐकलेलं आहेस. तुझं कन्नड मेलेलं नाही, नुसतं लाजतंय. पेशंटशी बोलायला साहित्य लागत नाही. ‘बायि तेगी’, ‘नीर कुडी’, ‘ऊट आता?’ अशी शे-दीडशे वाक्यं, अवयव, नाती, खाणं, आणि मुलाला गोष्ट सांगता येईल इतकी क्रियापदं. आत्तापासून सुरुवात कर. पुण्याहून आलीस की शनिवारी एखाद्या कन्नड अंगणवाडीत तासभर जाऊन बस. सेविकेला सांग मी शिकायला आले. चार वर्षांची पोरं भाषा शिकवण्यात आपल्या प्राध्यापकांपेक्षा बरी. चुकलीस तर तिथल्या तिथं सगळी मिळून खिदळतात.

एक सूचना मात्र. म्हैसूरचं कन्नड हे इथलं कन्नड नव्हे. तिथं ‘एनु माड्ता इद्दीया’, आपल्याकडं ‘येन माडाकत्ती’. बैलहोंगलच्या आजोबांना तू म्हैसुरी कन्नडात प्रश्न विचारलास तर ते तुला बेंगळुरूची साहेबीण समजून ताठ बसतील आणि दोन शब्दांत उत्तर देतील, आणि तू लिहिशील, वाक्यांची लांबी कमी. म्हणजे पुण्यात जे तुझ्या मराठीचं झालं तेच तू त्यांच्या कन्नडाचं करशील. लक्षात ठेव.

आणि हो, म्हैसूर निवडलंस म्हणून घरात किंवा गावात कोणी ‘तिकडं कशाला, कन्नड शिकून काय करणार’ असं म्हणेल. म्हणणारच, आपल्याकडं एक नोव्हेंबरला काळा दिन पाळणारं घर शोधावं लागत नाही, माझंही त्यातलंच. पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. प्रवेश अर्जाची तारीख तेवढं थांबत नाही. शिवाय निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी खानापूर, निपाणी, हुक्केरीतली पोरं दोन्ही भाषांतच अडखळणार आहेत.

विषय कुठला घ्यायचा? ऑडिओलॉजीत पैसा लवकर दिसतो. श्रवणयंत्रं विकली जातात, त्यावर सुटतं. तो विषय हलका नाही. माझ्या त्या मुलाला ऑडिओलॉजिस्टनंच वाचवलं, आणि कानाची चाचणी तुला बी.ए.एस.एल.पी.तही आलीच पाहिजे. पण तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात यंत्राबद्दल, कानाबद्दल एक शब्द नाही. सगळं भाषेबद्दल आहे. भाषेनं जिला इतकं छळलंय तिनं भाषाच घ्यावी. म्हणजे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी.

शिवाय या दोन वर्षांत जे मिळतं ते पदवीत नुसतं चाटवलेलं असतं. गिळण्याचंच घे. लोकांना वाटतं स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबडं बोलणं सुधारणारी. पक्षाघात झालेल्या माणसाला घरचे मायेनं वाटीनं पाणी पाजतात, त्याला ठसका लागतो, कधी कधी ठसकाही लागत नाही आणि पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं. मग न्यूमोनिया. कोणाला पातळ चालेल, कोणाला घट्ट पेज, मान कशी वाकवायची, नाकातून दुर्बीण घालून किंवा एक्स-रेवर गिळताना बघून हे ठरवणं हे आपलं काम. निपाणीकडं तर तंबाखू शेतात आणि गालातही. तोंडाचा, घशाचा कॅन्सर होऊन जिभेचा तुकडा किंवा अख्खं स्वरयंत्र काढलेली माणसं तुझ्याकडं येतील. स्वरयंत्र गेलेल्या माणसाला अन्ननलिकेतून, किंवा बसवलेल्या छोट्या झडपेतून, पुन्हा आवाज काढायला शिकवायचं. हे एका जनरल पदवीवर करायला जाऊ नये.

आणि वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवणं. माझ्याकडं एक निवृत्त कंडक्टर येतात. स्ट्रोक डाव्या मेंदूला. पहिल्या दिवशी बायकोचं नाव येईना, चमचा दाखवला तर ‘ते... ते...’. घरात मराठी, नोकरीभर कन्नड. मुलगा म्हणाला, मॅडम, सगळं गेलं. मी सहज म्हटलं, चला, बेळगावहून गाडी सुटली. आणि माणूस सरळ सुरू झाला: ‘पिरनवाडी, मच्छे, देसूर...’ थेट खानापूर, नंदगडपर्यंत. मुलगा रडायलाच लागला. जिभेवर बसलेलं बोलणं, आकडे, शिव्या, देवाची नावं, स्टॉपांची नावं, अशा वेळी बऱ्याचदा वाचतं, कारण ते वाक्य जुळवून बोलावं लागत नाही. पण तिथून पुढं काय करायचं, कन्नडातून चढायचं की मराठीतून, एकीतलं दुसरीत किती उतरतं, दोन्ही सारख्या वेगानं परत येतात का (नेहमी येत नाहीत) हे शिकायला मला त्या बोर्ड लावलेल्या क्लिनिकला कुलूप घालून पुन्हा वर्गात जाऊन बसावं लागलं, आणि तेव्हा मला एक लेक होती. तू लेकीआधी जा.

प्रबंध करावा लागेल. तिथं लोक सोपा विषय घेतात. तू इथलाच घे. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी खानापूर-बेळगावची पाच-सहा वर्षांची धडधाकट मुलं: ती दोन्ही भाषांत कुठले आवाज कधी पकडतात, मुली ‘मी जातो’ कधीपासून म्हणतात, ‘काय करालीस’ हे रूप कधी येतं. रोगी मुलांचा अभ्यास करायला सगळे धावतात. आपल्याकडची निरोगी मुलं कशी बोलतात हे लिहिलेलं हाताशी असेल तर त्या सहा वर्षांच्या मुलीसारखा रिपोर्ट पुन्हा कोणी लिहिणार नाही.

मावसभावाला माझा नमस्कार सांग, पण त्याचं ऐकताना हिशेब घाल. अमेरिकेत या कामाला मास्टर्स ही सुरुवातच आहे, त्याखाली दारच उघडत नाही. आशा या तिथल्या संघटनेचं प्रमाणपत्र हवं तर ४०० तास क्लिनिकल काम, प्रॅक्सिस परीक्षा, मग ३६ आठवड्यांची क्लिनिकल फेलोशिप, आणि राज्याचं लायसन्स वेगळं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा काही देशांशी त्यांचा परस्पर मान्यतेचा करार आहे, भारताशी नाही. म्हणजे इथली पदवी घेऊन गेलीस तर ती तिथल्या मापानं मोजून घ्यावी लागेल, आणि तिथंच शिकायचं तर फी डॉलरमध्ये. जाऊ नको म्हणत नाही. पण आत्ता, ही इंटर्नशिप संपवून थेट? जिला बेळगावच्या कन्नड पेशंटसमोर कुलूप लागतं तिला न्यू जर्सीच्या शाळेतल्या पोरासमोर दोन कुलपं लागतील. म्हैसूर झाल्यावर बघ.

परत आलीस तर काम आहे का? आहे, आणि गुलाबी चित्र दाखवत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, सापडलेली जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, तिथं आपल्या माणसाची जागा धरलेली असते. बऱ्याचदा ती कंत्राटी असते, पगार वेळेवर येईलच असं नाही. मोठ्या हॉस्पिटलात ईएनटीच्या आडोशाला एक खोली मिळते. स्वतःचं क्लिनिक चालायला दोन वर्षं लागतात. माझ्या पहिल्या महिन्यात तीन पेशंट होते, त्यातला एक पत्ता चुकून आलेला. पण गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला नाहीतर पुण्याला मुलाला घेऊन जाणारी जी कुटुंबं पहाटेच्या बसला उभी असतात, ती तुझ्या नावाची वाट बघतायत. त्यांना अजून नाव माहीत नाही एवढंच.

बाबांशी तू वाद घालू नकोस. बुधवारी दुपारी त्यांना बेळगावला माझ्याकडं पाठव. बाजाराच्या निमित्तानं येतील. ते कंडक्टर बुधवारीच येतात. आता त्यांना बायकोचं नाव येतं, ‘चमचा’ अजून येत नाही, पण कोणी नवा माणूस दिसला की ‘कुठं जायचं?’ असं दोन्ही भाषांत विचारतात आणि तिकीट फाडल्यासारखा हात करतात. बाबांना त्यांच्या शेजारी बसवते, चहा देते. बोलू देत दोघांना अर्धा तास. मी मधे पडणार नाही.